सीबीएसचा नवा हंगाम यंदा दसऱ्यानंतर: वर्गणी भरण्याआधी हे वाचा

(आमच्या न्यू जर्सीतल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, सप्टेंबर २०२४)

गणपतीचं विसर्जन झालं की आमच्याकडे दोन प्रकारचे फोन यायला लागतात. पहिला, ‘रविवारचा फुटबॉल दिसत नाहीये, अँटेना बघायला कधी येताय?’ दुसरा, ‘नव्या मालिका सुरू होतायत म्हणे, मग कुठली वर्गणी घेऊ?’ पहिल्यासाठी आम्ही शिडी घेऊन येतो. दुसऱ्यासाठी हे पत्रक काढलं आहे. अमेरिकेतल्या सगळ्या टीव्ही नेटवर्कांपैकी सीबीएसच घेतलं, कारण ज्या घरांत भारतातून आई-बाबा आलेले असतात तिथून याचीच विचारणा जास्त होते. मारामारी बेताची, गोष्ट त्याच भागात संपणारी, आणि चौघांत बसून बघताना रिमोट शोधायची वेळ सहसा येत नाही.

आमचा सल्ला आधीच सांगतो: सीबीएस इंटरनेटवरून दाखवणाऱ्या पॅरामाउंट प्लसच्या वर्गणीचे पैसे सप्टेंबरात भरू नका.

सप्टेंबरात काय आहे, काय नाही

इथलं टीव्हीचं वर्ष सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतं आणि मेमध्ये संपतं. उन्हाळ्याच्या सुट्या संपलेल्या असतात, अंधार लवकर पडायला लागतो, माणसं संध्याकाळी घरात सापडतात; जाहिरातदारांना आणखी काय हवं? त्यांच्यासाठी वेळापत्रक मात्र मेमध्येच मांडलं जातं. सीबीएसने यंदाचं २ मेला जाहीर केलं. झलक बघून आपण ‘बघू या का?’ म्हणतो, तोवर जाहिरातींच्या वेळेचा बराचसा सौदा उरकलेला असतो.

गेल्या वर्षी हे सगळंच कोलमडलं होतं. २ मे २०२३ ला हॉलिवूडच्या लेखकांचा संप सुरू झाला, १४ जुलैला कलाकारही त्यात उतरले, आणि कलाकारांचा संप मिटायला ९ नोव्हेंबर उजाडला. नवे भागच तयार नव्हते. सीबीएसने ‘यलोस्टोन’चे जुने भाग लावले, ‘घोस्ट्स’च्या जागी तिची मूळ ब्रिटिश मालिका दाखवली आणि वेळ मारून नेली. तेव्हा यंदाचा हंगाम दोन वर्षांनी पहिल्यांदाच धडपणे भरतो आहे.

भरतो आहे, पण उशिरा. सप्टेंबरात ‘सर्व्हायव्हर’सारखे स्पर्धेचे कार्यक्रम, बातमीपत्रं, अमेरिकन फुटबॉल आणि काही तुरळक झलका एवढंच आहे. १ ऑक्टोबरला, मंगळवारी, उपाध्यक्षपदाच्या दोन उमेदवारांची वादचर्चा न्यूयॉर्कहून सीबीएसच घेणार आहे. दसरा १२ तारखेला. खऱ्या मालिका १३ ऑक्टोबरपासून पुढच्या आठवडाभरात येतात. आज महिन्याची वर्गणी सुरू केलीत, तर पहिला महिना जुने भाग बघण्यात जाईल. ते बघायचेच असतील तर गोष्ट वेगळी.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

एकच रात्र बघायची असेल तर ही बघा. आदल्या दिवशी कोजागिरी आहे, म्हणजे जागरणाची सवय झालेलीच असेल.

रात्री ८ वाजता ‘जॉर्जी अँड मॅंडीज फर्स्ट मॅरेज’. ‘द बिग बँग थिअरी’मधून ‘यंग शेल्डन’ निघाली, ती यंदा मेमध्ये संपली, आणि तिच्यातून आता ही. शेल्डनचा थोरला भाऊ जॉर्जी, त्याच्याहून वयाने बरीच मोठी असलेली बायको मॅंडी आणि तान्ही मुलगी. काळ नव्वदच्या दशकातला, गाव टेक्सासमधलं. तिघं राहतात मॅंडीच्या आई-वडिलांकडे, आणि जॉर्जी कामाला जातो सासऱ्याच्याच टायरच्या दुकानात. घरजावई! सासू खोचक आणि सासरा मवाळ. आपल्या प्रेक्षकाला यात समजावून सांगावं असं फार काही उरत नाही. एक फरक मात्र आधीच सांगून ठेवतो: ‘यंग शेल्डन’मध्ये पाठीमागे हशा नव्हता, ही मालिका समोर प्रेक्षक बसवून चित्रित केली आहे, त्यामुळे हशा आहे. काहींना तो पहिल्या दहा मिनिटांत नकोसा होतो. आमच्या मते नव्या मालिकांत ही सगळ्यांत भरवशाची, कारण माणसं आधीच ओळखीची आहेत. ‘यंग शेल्डन’ न बघितलेल्यांनाही गोष्ट कळेल, पण जॉर्जीचे वडील या मालिकेत का नाहीत हे कुणीतरी शेजारी बसून सांगावं लागेल.

साडेआठला ‘घोस्ट्स’. ही नवी नाही, चौथं पर्व आहे, तरी तिला वगळून पुढे जाववत नाही. न्यूयॉर्क राज्यातला एक जुना वाडा जोडप्याला वारशाने मिळतो. बायको जिन्यावरून पडते आणि शुद्धीवर आल्यावर तिला वाड्यातली भुतं दिसायला लागतात: एक व्हायकिंग, एक वॉल स्ट्रीटवाला ज्याच्या अंगावर पँट नाही, आणि आपण आज जिथे राहतो त्या भूमीच्या मूळ लेनापे लोकांपैकी एक. नवऱ्याला यातलं कुणीच दिसत नाही, आणि तो बिचारा रिकाम्या खुर्चीशी अदबीने बोलत राहतो. तो नवरा म्हणजे उत्कर्ष आंबुडकर. वडील मराठी, आई तमिळ, जन्म बाल्टिमोरचा. आडनाव पडद्यावर आलं की आमच्या एका ग्राहक काकू दर वेळी ‘आपला आहे हो’ म्हणतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. भूत म्हटलं की दचकणाऱ्यांनी घाबरू नये. यातली भुतं फारच घरगुती आहेत.

नऊ वाजता ‘मॅटलॉक’. यंदा सगळ्यांत जास्त उत्सुकता हिचीच असावी, निदान आम्हाला तरी आहे. कॅथी बेट्स, वय ७६, ऑस्कर मिळवलेली बाई, एका बड्या वकिली कंपनीत सत्तरी ओलांडल्यावर पुन्हा नोकरी मागायला येते. झलकेत एक जागा छान आहे. ती बैठकीत शिरते, कुणी तिला विचारत नाही, कुणी थांबवतही नाही. वयस्क बाईकडे कुणाचं लक्षच नसतं, हेच तिच्या हातातलं हत्यार. पर्समधून गोळ्या काढता काढता ती समोरच्याकडून हवं ते वदवून घेते. ज्यांना जुनी ‘मॅटलॉक’ आठवते (अँडी ग्रिफिथची, १९८६ ते १९९५, आधी एनबीसीवर आणि मग एबीसीवर) त्यांनी तिचा पुढचा भाग म्हणून बघायला बसू नये. नाव तेच, आणि त्या नावावरून विनोदही आहेत, पण माणसं वेगळी. हिचा पहिला भाग थांबायला न लावता २२ सप्टेंबरला, रविवारी रात्री ८ वाजता दाखवणार आहेत. म्हणजे मालिकांसाठी सप्टेंबरात लक्षात ठेवायची तारीख ही एकच.

दहाला ‘एल्सबेथ’चं दुसरं पर्व. खून कुणी केला हे पहिल्या पाच मिनिटांत दिसतं. तो पकडला कसा जातो, ती गंमत.

बाकीचे वार

सोमवारी १४ ऑक्टोबरला ८ वाजता ‘एनसीआयएस’ (नौदलातल्या गुन्ह्यांच्या तपासाची मालिका) परत येते, आणि ९ ते ११ नव्या ‘एनसीआयएस: ओरिजिन्स’चा दोन तासांचा पहिला भाग. मूळ मालिकेचा नायक गिब्ज, त्याच्या तरुणपणाची गोष्ट: साल १९९१, कॅलिफोर्नियातला कॅम्प पेंडल्टनचा तळ. तरुण गिब्ज ऑस्टिन स्टोवेल, आणि निवेदनाचा आवाज मूळ गिब्ज मार्क हार्मनचा. मूळ मालिका कधीच न बघितलेल्याला ही फार कोरडी वाटेल, असा आमचा अंदाज. पुढच्या सोमवारपासून, २१ तारखेपासून, ८ वाजता ‘द नेबरहूड’ आणि साडेआठला नवी ‘पॉपाज हाउस’, ज्यात डेमन वेयन्स आणि त्याच नावाचा त्याचा मुलगा खऱ्या आयुष्यात आणि पडद्यावर दोन्हीकडे बाप-लेकच आहेत.

‘द समिट’ ही स्पर्धा एरवी बुधवारची, २ ऑक्टोबरपासून; पहिला भाग मात्र रविवारी २९ सप्टेंबरला. सोळा अनोळखी माणसं न्यूझीलंडच्या डोंगरांत, पाठीवरच्या पिशव्यांत दहा लाख डॉलर वाटून दिलेले, चौदा दिवसांत शिखर गाठायचं. सह्याद्रीत ट्रेक केलेल्यांना मजा वाटेल. पैशांसाठीची भांडणं नको असतील तर आवाज बंद करून नुसते डोंगर बघा.

मंगळवारी ‘एफबीआय’ नावाच्या तिन्ही मालिका, रविवारी ‘ट्रॅकर’. शुक्रवारी १८ तारखेपासून ‘ब्लू ब्लड्स’चे अखेरचे आठ भाग. चौदा पर्वं रविवारच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसलेलं हे पोलिसांचं कुटुंब आता उठतं आहे. काही घरांत याचं दुःख होणार हे आम्हाला ठाऊक आहे.

फुकट दिसत असताना पैसे कशाला

सीबीएस हवेतून फुकट येतं. एडिसन, इसेलिन, पिस्कॅटवे या बाजूला ते चॅनल २ वर. मनोरे मॅनहॅटनमध्ये एम्पायर स्टेट आणि वन वर्ल्ड ट्रेडवर, म्हणून अँटेनाचं तोंड ईशान्येला. प्लेन्सबरोकडच्या मंडळींना फिलाडेल्फिया पकडता येतं, तिथे सीबीएस चॅनल ३ वर आणि तोंड नैर्ऋत्येला. तिथल्या काही घरांत आम्ही दोन्ही शहरं पकडून दिली आहेत, म्हणजे फुटबॉलच्या रविवारी कधी कधी दोन वेगळे सामने मिळतात.

खिडकीला चिकटवायचा कागदासारखा अँटेना घेतलात तर चॅनल २ येईल, पण चॅनल ७ आणि ११ अडखळतील. ते दोन्ही अजून व्हीएचएफवर (लांब लहरींच्या जुन्या पट्ट्यात) आहेत आणि त्यांना लांब दांड्यांचा अँटेना लागतो. हे दुकानातल्या खोक्यावर लिहिलेलं नसतं. तुमच्या वसाहतीचे असोसिएशनवाले ‘बाल्कनीत अँटेना चालणार नाही’ म्हणाले तर आम्हाला सांगा. तुमच्या एकट्याच्या ताब्यातल्या जागेत अँटेना लावायला त्यांना सरसकट मनाई करता येत नाही, असा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा नियम आहे.

ज्यांना अँटेना नकोच आहे त्यांच्यासाठी पॅरामाउंट प्लस. यातली मेख नीट समजून घ्या. साध्या वर्गणीत (सप्टेंबर २०२४ मध्ये महिना ७.९९ डॉलर) फुटबॉल थेट दिसतो, पण सीबीएसचं चॅनल थेट दिसत नाही. मालिकेचा भाग दुसऱ्या दिवशी येतो. थेट हवं असेल तर वरची वर्गणी घ्यावी लागते; सप्टेंबर २०२४ मध्ये ती शोटाइम चॅनलसह १२.९९ डॉलरची होती. ऑगस्ट २०२४ मध्ये दोन्हींचे दर वाढले, त्यामुळे जुनी माहिती धरून बसू नका. दुसऱ्या दिवशी बघायला हरकत नसेल तर साधी पुरे, तीही १३ ऑक्टोबरच्या आसपास सुरू करा.

दोन छोट्या गोष्टी

रविवारी रेकॉर्डिंग लावताना शेवटी एक तास वाढवून लावा. दुपारचा दुसरा सामना सव्वाचारनंतर सुरू होतो आणि लांबला की ‘सिक्स्टी मिनिट्स’ हे बातमीपत्र सरकतं, त्यापाठोपाठ ‘ट्रॅकर’ही. मग बाबांनी आवडीने लावलेल्या भागाचा नेमका शेवटच कापला जातो.

आणि आई-बाबांसाठी खाली येणारी अक्षरं आम्ही टीव्ही बसवतानाच चालू करून देतो. रिमोटवरचं सीसी लिहिलेलं बटण. इंग्रजी वाचता येतं, पण टेक्सासचे उच्चार कानाला झेपत नाहीत, अशी तक्रार जवळजवळ प्रत्येक घरात असते. अक्षरांचा आकार मोठा आणि मागची पट्टी काळी ठेवावी. पांढऱ्यावर पांढरं आलं की कुणालाच वाचता येत नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या दोन आठवड्यांत शनिवार-रविवारची वेळ हवी असेल तर आत्ताच कळवून ठेवा. छतावर चढायचं काम आम्ही पावसात करत नाही, आणि १२ तारखेला दसऱ्याची आमचीही सुटी आहे. नुसतं चॅनल पुन्हा शोधून घ्यायचं असेल तर बोलवायची गरज नाही, फोनवरच सांगतो, त्याचे पैसे नाहीत.