अविश्वास ठराव आणि अध्यक्षांचा बचाव : मराठवाड्यातील पार्श्वभूमी

2017 च्या निवडणुकीत लातूर जिल्हा परिषदेचे 58 गट, म्हणजे एकेक सदस्य निवडणारे मतदारसंघ, होते. एवढ्या सभागृहात अध्यक्षांवर अविश्वास आणायचा तर मागणीपत्रावर किमान 20 सह्या लागतात. एक तृतीयांश म्हणजे 19.33 होतात, पण सही अर्धी नसते. ठराव मंजूर व्हायला दोन तृतीयांश, म्हणजे 39 मते हवीत. अध्यक्षपद महिलेसाठी राखीव असेल तर तीन चतुर्थांशाची अट लागते आणि आकडा 44 वर जातो. ही मोजणी हजर सदस्यांवर होत नाही, मतदानाचा हक्क असलेल्या एकूण सदस्यांवर होते. त्यामुळे सभेकडे न फिरकलेला सदस्य तटस्थ राहत नाही, त्याची गैरहजेरी अध्यक्षांच्याच पारड्यात पडते. ठरावाच्या आधी सदस्यांना गाड्यांत घालून सहलीला का नेतात, याचे उत्तर या हिशेबात आहे. विरोधकांना आपले 39 एकत्र ठेवायचे असतात आणि अध्यक्षांच्या गटाला फक्त 20 जण त्यांच्या हाती लागू द्यायचे नसतात.

खुर्चीवर बसलेल्या माणसाला कायद्याने दिलेले हे पहिले संरक्षण. ते सहज मिळालेले नाही आणि मराठवाड्यात तर ते उशिरा आले.

निजामाच्या राज्यात जिल्ह्याचा कारभार अव्वल तालुकदाराच्या हातात असे. स्थानिक मंडळांवरही अधिकाऱ्यांचाच वरचष्मा होता. वरून नेमलेल्या माणसावर सभागृहाचा अविश्वास ही कल्पनाच तिथे बसत नव्हती. तक्रार करायची ती अर्जाने आणि निकाल वरून येणार, ही सवय लोकांच्या अंगवळणी पडली होती. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आले, 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. नगरपालिकांसाठी त्या काळात 1956 चा हैदराबाद जिल्हा नगरपालिका अधिनियम होता. 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाने तो रद्द केला आणि पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ, मराठवाडा अशा तिन्ही भागांना एकच कायदा लागू झाला. वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर 1961 चा जिल्हा परिषद अधिनियम आला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. मराठवाड्यात तेव्हा औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद असे पाचच जिल्हे होते. आज आठ आहेत.

निवडून आलेले अध्यक्ष इथे खरे स्थिरावले ते या दोन कायद्यांनी. पुढे लोकसभेचे अध्यक्ष झालेले शिवराज पाटील चाकूरकर साठ-सत्तरच्या दशकांत लातूरचे नगराध्यक्ष होते. विलासराव देशमुख 1974 मध्ये बाभळगावचे सरपंच झाले. या खुर्च्या म्हणजे राजकारणाची पहिली पायरी ठरल्या आणि तेव्हापासून त्यांच्यावरची टीकाही राजकारणाच्या हिशेबाने होऊ लागली.

जिल्हा परिषदेत टीकेचे मूळ बऱ्याचदा कारभारात नसतेच. अध्यक्षांची मुदत अडीच वर्षांची. पक्षात इच्छुक दोन असले की सव्वा-सव्वा वर्षाचा तोंडी करार होतो. सव्वा वर्ष सरते, पहिला राजीनामा देत नाही आणि मग कालपर्यंत मांडीला मांडी लावून बसलेल्या सदस्यांना एकदम निधीवाटपातला अन्याय दिसू लागतो. अशा ठरावाच्या मागणीपत्रावर कारणे लिहिलेली असतात ती साचेबंद: विश्वासात घेत नाहीत, निधी समान वाटत नाहीत, सभा वेळेवर घेत नाहीत. कायद्याच्या दृष्टीने एवढे पुरेसे आहे. अविश्वास ही शिक्षा नाही, तिथे आरोप सिद्ध करावा लागत नाही, सभागृहाचा भरवसा उडाला एवढेच संख्येने दाखवायचे असते. मागणीपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, विशेष सभा ते बोलावतात आणि अध्यक्षस्थानी ते किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी बसतो. त्याला मत नसते. ज्यांच्यावर ठराव आहे त्यांच्या हाती त्या दिवशी सभेची सूत्रे राहत नाहीत, हे योग्यच आहे.

मग बचाव करायचा कसा? पहिली फळी पक्षादेशाची, म्हणजे व्हिपची. 1986 च्या महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियमाने पक्षादेश मोडणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व धोक्यात येते. महापालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला तो लागू आहे, ग्रामपंचायतीला नाही, कारण तिथली निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. नगरपरिषद आणि जिल्हा परिषदेतल्या प्रकरणांचा निर्णय जिल्हाधिकारी देतात. पण हे हत्यार कागदावरच बोथट होते. गटनेता नेमका कोण याची नोंद जिल्हाधिकारी कार्यालयात वेळेत झालेली नसते, किंवा एकाच पक्षाचे दोन गटनेते उभे राहतात आणि दोघांचे पक्षादेश एकमेकांविरुद्ध असतात. दुसरे अपयश पोहोचवण्यातले. सदस्य सहलीवर असतो, घराला कुलूप असते आणि पक्षादेश व्हॉट्सअॅपवर टाकून गटनेता मोकळा होतो. नंतर सुनावणीत सदस्य म्हणतो, मला मिळालाच नाही. म्हणून पक्षादेश हातात देऊन पोच घ्यावी, नसेल तर दारावर चिकटवून पंचनामा करावा, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आणि तारीख-वेळ असावी. शिवाय सदस्याने विरोधात मत दिल्यावर पक्षाने 15 दिवसांच्या आत ते माफ केले तर अनर्हता लागत नाही. या 15 दिवसांत बरीच समेट होते.

दुसरी फळी कागदांची आणि ती जास्त टिकते. अध्यक्षांवर पैशाचा आरोप झाला की आधी विचारायचे ते हे, की सही कुणाची. जिल्हा परिषदेचे एखादे काम प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि देयक या क्रमाने पुढे जाते. मोजमापाची नोंद कनिष्ठ अभियंता करतो, उपअभियंता ती तपासतो, प्रशासनाची जबाबदारी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची. अध्यक्षांचा हात लागतो तो कामांची निवड करणाऱ्या ठरावाला. म्हणून खरा प्रश्न तिथे असतो: कोणत्या गटात किती कामे गेली आणि कोणत्या निकषावर. नगरपरिषदेतही अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्यांकडे असते. ग्रामपंचायतीत मात्र चित्र वेगळे आहे. ग्रामनिधीचे खाते सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्या संयुक्त सहीने चालते, त्यामुळे अपहाराचा आरोप सरपंचाला थेट चिकटतो आणि 'मला माहीत नव्हते' हे उत्तर चालत नाही.

यात सगळ्यात दुबळा दुवा इतिवृत्ताचा. सभेत तासभर वादावादी होते आणि इतिवृत्तात 'सर्वानुमते मंजूर' एवढेच येते. विरोध करणाऱ्याने 'माझा विरोध नावानिशी नोंदवा' असे म्हटलेले नसते. पुढच्या सभेत मागचे इतिवृत्त कायम होताना कुणी वाचत नाही. दोन वर्षांनी चौकशी लागली की त्या एका ओळीवर दोघेही अडकतात: विरोधकाला आपण विरोध केला होता हे दाखवता येत नाही आणि अध्यक्षांना चर्चा झाली होती हे दाखवता येत नाही. सूचक, अनुमोदक, बाजूने किती, विरोधात किती आणि विरोधाचे कारण, एवढे प्रत्येक ठरावाखाली लिहून घेतले तर निम्मी भांडणे सभागृहातच संपतील.

उन्हाळ्यातला टँकर याचे चांगले उदाहरण आहे, कारण मराठवाड्यात सरपंचावरची सगळ्यात कडवट टीका पाण्यावरून होते. टंचाईत टँकरचा निकष माणशी रोज 20 लिटरचा. 1,500 वस्तीच्या गावाला 30,000 लिटर लागतात. टँकर 12,000 लिटरचा असेल तर अडीच खेपा, म्हणजे प्रत्यक्षात तीन. मागणीचा ठराव ग्रामपंचायत करते, पण पाहणी गटविकास अधिकारी आणि तहसीलदार यांच्याकडून होते आणि मंजुरी महसूल यंत्रणेकडून येते. भरणाच्या ठिकाणी वीज गेली की तिसरी खेप बुडते आणि शिव्या सरपंचाला बसतात. इथे बचाव एकच: खेपांची रोजची नोंदवही, टँकर आल्याची वेळ, पाणी घेणाऱ्या महिलांच्या सह्या आणि जीपीएसच्या नोंदीशी घातलेला मेळ. ज्या सरपंचाने ठराव कोणत्या तारखेला पाठवला आणि मंजुरी कोणत्या तारखेला आली हे दोन कागद फलकावर लावले, त्याच्याविरुद्धची अर्धी ओरड त्याच दिवशी खाली बसते. ज्याने लावले नाहीत, त्याच्यावर टँकर विकल्याचा संशय येतो आणि तो संशय मनातून काढणे फार अवघड असते.

नगराध्यक्षांच्या बाबतीत इतिहासाने बरेच हेलकावे खाल्ले. 1974 मध्ये नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडले गेले, नंतर निवड पुन्हा नगरसेवकांकडे आली. 2001 मध्ये विलासराव देशमुख मुख्यमंत्री असताना थेट निवड परत आली, 2006 च्या सुमारास गेली, 2016 मध्ये पुन्हा आली, 2020 मध्ये रद्द झाली आणि 2022 मध्ये परत लागू झाली. डिसेंबर 2025 च्या निवडणुका त्याच पद्धतीने झाल्या. सरपंचांचेही तेच: 2017 ला थेट, 2020 ला रद्द, 2022 ला पुन्हा थेट. दर वेळी कारण लोकशाहीचे सांगितले गेले. बदलाची वेळ पाहिली तर प्रत्येक सत्तेने आपल्याला सोयीची पद्धत धरली, असे स्पष्ट म्हणावे लागते.

थेट निवडीत अध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्या पक्षाचे, अशी गाठ पडते. मग अंदाजपत्रक अडते, विषय तहकूब होतात, समित्या रखडतात. अशा वेळी विरोधी बहुमताची टीका खोटीच असते असे नाही, पण अध्यक्षाला जनतेने निवडले असताना निव्वळ संख्येने त्याला घरी पाठवणे म्हणजे मतदारांचा निकाल फिरवणे होते. कायद्याने सरपंचाबाबत याची वाट काढली. थेट निवडलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षे आणि मुदत संपण्याआधीचे सहा महिने अविश्वास आणता येत नाही. त्यानंतर एक तृतीयांश सदस्यांची नोटीस तहसीलदारांकडे जाते, तीन चतुर्थांश मतांनी ठराव मंजूर व्हावा लागतो आणि तेवढ्यावर न थांबता विशेष ग्रामसभेत गुप्त मतदान होते. ज्या गावाने निवडले त्याच गावाने ठरवायचे. आम्हाला ही तरतूद आजवरच्या सगळ्या तरतुदींत न्याय्य वाटते. तिच्यातली अडचण एकच, ग्रामसभेच्या दिवशी मतदार आणण्यावरून होणारी चढाओढ. यादी, ओळखपत्र आणि रांग यांची शिस्त अधिकाऱ्याने सकाळीच लावली नाही तर निकालावर हरकत येतेच.

संख्या जमली नाही की दुसरा दरवाजा ठोठावला जातो, तो मंत्रालयाचा. नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 55-अ खाली गैरवर्तन, कर्तव्यात कसूर किंवा अकार्यक्षमता या कारणांवरून शासन अध्यक्षांना काढू शकते आणि पुढची सहा वर्षे अपात्रतेत जाऊ शकतात. अविश्वासापेक्षा हा वार खोल आहे. इथे आरोप सिद्ध व्हावा लागतो, कारणे दाखवा नोटीस आणि सुनावणी लागते, पण निर्णय देणारा मंत्री एखाद्या पक्षाचाच असतो. 2012 मध्ये उरणच्या नगराध्यक्षांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निवडून आलेल्या माणसाला काढताना प्रक्रिया काटेकोर पाळली पाहिजे आणि कारणे द्यावीच लागतात.

सर्वोच्च न्यायालयाचा मे 2024 चा निकाल तर आपल्याच भागातला. धाराशिव नगरपरिषदेचे उपाध्यक्ष आणि नळदुर्ग नगरपरिषदेचे अध्यक्ष यांना मंत्र्यांच्या आदेशाने पदावरून काढून सहा वर्षे निवडणूक लढवायला बंदी घातली होती. जिल्हाधिकाऱ्यांपुढे चाललेले प्रकरण मंत्र्यांनी स्वतःकडे ओढून घाईने आदेश दिला, यावर न्यायालयाने बोट ठेवले आणि दोन्ही आदेश रद्द केले. गैरसोयीचा वाटतो म्हणून निवडून आलेल्या सदस्याला अधिकाऱ्यांच्या किंवा त्यांच्या राजकीय वरिष्ठांच्या मर्जीने घालवता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांनाही न्यायालयाने पद परत दिले. सरकारी जागेवरच्या घरात सासूसोबत राहतात, असा आरोप त्यांच्यावर होता.

या प्रकरणांतून बचावाची पद्धत स्पष्ट होते. नोटीस आली की उत्तर मुद्देसूद द्यायचे, प्रत्येक आरोपासमोर ठराव क्रमांक, तारीख आणि सही कुणाची ते लिहायचे. सुनावणीची मुदत मागायची ती लेखी आणि पोच घेऊन. ज्या कागदांवर आरोप उभा आहे त्यांच्या प्रती मागायच्या. दिल्या नाहीत तर तेही लिहून ठेवायचे, कारण पुढे उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात पहिला प्रश्न तोच येतो: बाजू मांडायची संधी मिळाली होती का?