आधी चित्र, मग पुस्तक: जीवाश्मांच्या बालपुस्तकांची पार्श्वभूमी

जीवाश्मांवरची मुलांची चित्रपुस्तकं आता उदंड झाली आहेत आणि त्यातल्या बऱ्याच पुस्तकांत डायनोसॉरपेक्षा त्याला खणून काढणाऱ्या माणसाचीच गोष्ट असते. हे वळण अलीकडचं. चित्रं मात्र फार जुनी.

१८३० साली हेन्री डी ला बेश या इंग्रज भूशास्त्रज्ञाने 'ड्यूरिया ॲन्टिक्विऑर' नावाचं जलरंगचित्र काढलं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या डॉर्सेटचा प्राचीन समुद्र, त्यात इक्थिओसॉर या माशासारख्या दिसणाऱ्या सागरी सरीसृपाने लांब मानेच्या प्लेसिओसॉर या दुसऱ्या सागरी सरीसृपाची मान जबड्यात पकडलेली, वर टेरोसॉर हे उडणारे सरीसृप. जीवाश्मांवरून असा जिवंत देखावा उभा करण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न. चित्राला आधार होता तो मुख्यतः जीवाश्म शोधून विकणाऱ्या मेरी ॲनिंगने डॉर्सेटमधल्या लाइम रीजिस गावाच्या कड्यांतून काढलेल्या सांगाड्यांचा. ती पैशाच्या अडचणीत होती, म्हणून चित्राच्या छापील प्रती विकून आलेली रक्कम तिला देण्यात आली. बारकाईने पाहिलं तर घाबरलेला प्लेसिओसॉर चक्क शी करतोय! आणि तो निव्वळ वात्रटपणा नाही. इक्थिओसॉरच्या पोटाच्या भागात सापडणाऱ्या दगडी गोळ्यांत माशांची हाडं आणि खवले असतात हे ॲनिंगने हेरलं होतं. त्या गोळ्या म्हणजे अश्मीभूत विष्ठा, हे भूशास्त्रज्ञ विल्यम बकलंडने १८२९ मध्ये मांडलं.

प्राण्यांच्या चित्रांची एक अडचण असते: ती शिळी होतात. शिल्पकार बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्सने १८५४ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत डायनोसॉरचे प्रचंड पुतळे उभारले, तेव्हा इग्वानोडॉन या डायनोसॉरच्या नाकावर शिंग बसवलं. १८७८ मध्ये बेल्जियममधल्या बेर्निसारच्या कोळशाच्या खाणीत त्याचे सांगाडे मिळाले आणि ते शिंग अंगठ्याचं हाड निघालं. पुढे १९६९ मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ जॉन ऑस्ट्रॉमने डायनोनिकस या चपळ डायनोसॉरचं वर्णन छापलं, १९९६ मध्ये चीनमधून पिसांसारखं आवरण असलेला सिनोसॉरॉप्टेरिक्स हा डायनोसॉर जाहीर झाला आणि शेपूट फरफटत चालणारे, हिरवट, सुस्त डायनोसॉर दाखवणारी पुस्तकं कपाटातल्या कपाटात जुनी झाली.

माणसांकडे वळण्यामागे हेही एक कारण असावं, असं मला वाटतं. लेखिका-चित्रकार अलिकी हिच्या १९८१ च्या 'डिगिंग अप डायनोसॉर्स'मध्ये हाडं खणणं, त्यांवर प्लास्टर चढवणं, संग्रहालयात सांगाडा जोडणं हे सगळं काम दिसतं. तिथलं ज्ञान प्राण्याच्या रंगरूपावर फारसं अवलंबून नाही. १९९९ हे ॲनिंगच्या जन्माचं द्विशताब्दी वर्ष, आणि त्याच सुमाराला तिच्यावर एकामागून एक चित्रपुस्तकं आली. २००१ मध्ये बार्बरा कर्ली आणि ब्रायन सेल्झनिक यांनी हॉकिन्सवरच पुस्तक केलं, त्याला कॅल्डेकॉट ऑनर हा चित्रपुस्तकांसाठीचा अमेरिकी सन्मान मिळाला. ज्याचा इग्वानोडॉन चुकला होता तोच नायक! माणसाच्या गोष्टीत चूक खपते, किंबहुना तिच्यामुळेच गोष्ट रंगते.

या पुस्तकांना ॲनिंगचा मोह पडतो याचं नवल नाही. १८०० साली वीज पडून तीन बायका दगावल्या आणि त्यांच्यापाशी असलेली तान्ही मेरी वाचली. तिचा कुत्रा ट्रे १८३३ मध्ये दरड कोसळून गेला. हे दोन्ही प्रसंग खरेच घडलेले, वर चित्राला आयते. 'एका मुलीने एकटीने राक्षस शोधला' हे मात्र घाईचं विधान. इक्थिओसॉरची कवटी १८११ मध्ये तिचा भाऊ जोसेफ याला दिसली, बाकीचं धड मेरीने पुढच्या वर्षी शोधलं, आणि ते कड्यातून काढायला मजूर लावावे लागले. सांगाडा २३ पौंडांना विकला गेला. पुढे १८२४ मध्ये भूशास्त्रज्ञ विल्यम कॉनिबेअरने लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत तिच्या प्लेसिओसॉरबद्दल निबंध वाचला, त्यात तिचं नावही नव्हतं. तिला स्वतःला तिथे सभासद होण्याची सोय नव्हतीच. त्या संस्थेने स्त्रियांना सभासदत्व दिलं ते १९१९ मध्ये.