स्पेनमध्ये बस म्हणजे वेळेची माती? थांबा जरा

"स्पेनमध्ये ट्रेननेच फिरायचं, बस म्हणजे वेळेची माती" हे वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय आणि माद्रिद-बार्सिलोनापुरतं ते खरंच आहे, ट्रेन अडीच तासात टाकते, बसला सात-आठ तास लागतात, तिथे वादच नको. पण बिल्बाओहून सान सेबास्तियानला जायचं असेल तर? मधे डोंगर, हायस्पीड लाइन अजून झालेली नाही, आणि जी छोटी ट्रेन आहे ती डुरांगो, एइबार असं करत गावागावात थांबत अडीच तासांच्या आसपास घेते, बस मात्र हायवेने सव्वा तासात पोचवते. सेगोव्हियाची गंमत तर वेगळीच (हे कोणी आधी सांगत नाही!). माद्रिदहून ट्रेन अर्ध्या तासात येते खरी, पण स्टेशन गावाबाहेर माळावर, मग तिथून परत सिटी बस पकडा. माद्रिदच्या मोन्क्लोआ बस स्टँडवरून सुटणारी बस थेट गावात सोडते, रोमन जलसेतू तिथून चालत. बाकी एक, स्पेनमध्ये लांबच्या बहुतेक बस रूटचा परवाना सरकार त्या-त्या रूटपुरता एकाच कंपनीला देतं, त्यामुळे दहा ॲपवर रेट कंपेअर करत बसण्यात फारसा अर्थ नाही.