बर्नला मुक्काम, दोन दिवस खेड्यांत: मित्रमंडळींसाठी स्वित्झर्लंडचा शनिवार-रविवार

नोकरीनिमित्त झुरिक किंवा बाझेलला असलेली मंडळी आणि युरोपच्या दौऱ्यात दोन दिवस मोकळे ठेवून येणारे मित्र, अशा चार ते आठ जणांच्या गटांसाठी आम्ही ही सहल आखतो. चौकशीच्या फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "यात युंगफ्राउयोख नाही?" नाही. ३,४५४ मीटर उंचीवरच्या त्या स्टेशनला अख्खा दिवस लागतो, खिसाही बराच हलका होतो, आणि नेमके ढग उतरले तर समोर काहीच दिसत नाही. तिथे जायचंच असेल तर हवामान बघून वेगळा दिवस काढा, तिकिटांचं आम्ही बघू. या दोन दिवसांत मात्र आपण खेड्यांकडे जातो, रोज एकाच भागात. शुक्रवार आणि शनिवार, दोन्ही रात्री मुक्काम बर्नलाच, त्यामुळे बॅगांची ओढाताण नाही.

शनिवार: एमेंटाल (एमे नदीचं खोरं)

बर्नहून रेल्वेने हासले-र्‍यूग्साऊ. तिथे एमे नदीवर १८३९ साली बांधलेला छपराचा लाकडी पूल आहे, मधे एकही खांब नसलेला. छप्पर शोभेसाठी नाही. ते नसतं तर पावसाने लाकूड कधीच कुजलं असतं. तिथून बसने आफोल्टर्नला, चीज बनताना बघायला.

एमेंटालरची एक चकती शंभर किलोच्या घरात जाते आणि तिला हजार लिटरहून जास्त दूध लागतं. त्यातली भोकं जिवाणूंनी सोडलेल्या वायूमुळे पडतात हे जुनंच ज्ञान. पण तो वायू नेमका कुठे साठतो, याचं उत्तर स्विस संशोधकांनी २०१५ मध्ये दिलं: दुधात पडणाऱ्या गवताच्या बारीक कणांभोवती. यंत्राने दूध काढायला लागल्यापासून दूध इतकं स्वच्छ झालं, की भोकं कमी व्हायला लागली होती!

शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. एमेंटालर आणि ग्रुयेर ही चीजं परंपरेने वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने (दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याने) बनतात. हे चालत नसेल तर बुकिंग करतानाच सांगा, चवीचा कार्यक्रम गाळून तो वेळ चालण्याला देऊ.

चालताना घरं नीट बघा. छप्पर जवळजवळ जमिनीपर्यंत उतरलेलं, त्याखाली माणसं, गुरं आणि गवत सगळं एकत्र. अशा मोठ्या घराशेजारी बहुतेक वेळा एक छोटं टुमदार घर दिसतं, त्याला स्टॉक्ली म्हणतात. शेती पुढच्या पिढीकडे सोपवली की आईवडील तिथे राहायला जायचे. आणि या भागात शेती जायची ती धाकट्या मुलाकडे, थोरल्याकडे नाही. आमच्या गटांत यावरून दुपारभर वाद रंगतो.

पायवाटांवरच्या पिवळ्या पाट्यांवर वेळ लिहिलेली असते. ती न थांबता चालणाऱ्याची आहे. फोटो, पाणी, गप्पा धरून दीडपट समजा. कुरणाचं फाटक उघडलंत तर मागे लावून घ्या. वासरू जवळ असलेल्या गाईपासून लांब राहा, सेल्फी तर नकोच. कुंपणाच्या तारेत वीज असते.

रविवार: लावो (जिनिव्हा सरोवराकाठचे द्राक्षमळे)

बर्न-लोझान गाडीत डाव्या बाजूच्या खिडक्या पकडा. फ्रिबुर्ग मागे पडल्यावर बराच वेळ साधी शेतं दिसतात, मग प्युईदूच्या आसपास बोगदा संपतो आणि खाली एकदम जिनिव्हाचं सरोवर. त्या वेळी मोबाइलमध्ये डोकं घालून बसू नका.

लोझानला गाडी बदलून क्युई, आणि तिथून द्राक्षमळ्यांतून एपेस, रिवा करत सें-साफोरें. दगडी बांधांची ही उतरंड अकराव्या-बाराव्या शतकात मठातल्या साधूंनी रचायला घेतली. २००७ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. इथले लोक म्हणतात, द्राक्षांना तीन सूर्य मिळतात: आकाशातला, सरोवरातून परावर्तित होणारा आणि बांधाच्या तापलेल्या दगडांचा. तिसरा खरा आहे का ते पाहायचं असेल तर संध्याकाळी भिंतीला हात लावून बघा. वाटेतल्या या गावांना छोटी स्टेशनं आहेत, म्हणून कोणी दमलंच तर खाली उतरून गाडीत बसता येतं. सावली फारशी नाही, टोपी घ्या.

तिकिटं आणि पोटोबा

१९८२ पासून इथल्या गाड्या दर तासाला त्याच ठरलेल्या मिनिटांना सुटतात. एक चुकली तर धावपळ करू नका, पुढची येतेच. स्टेशनवर फाटक नसतं, तपासनीस गाडीत येतो आणि विनातिकीट सापडलात तर दंड जबर. स्विस ट्रॅव्हल पास कमीत कमी तीन दिवसांचा असल्याने दोन दिवसांसाठी आम्ही सहसा सेव्हर डे पास (एकेका दिवसाचा प्रवास-पास) घेतो. तो जितका लवकर घ्याल तितका स्वस्त, आणि एकदा घेतला की साधारणपणे पैसे परत मिळत नाहीत. "नंतर नक्की सांगतो" म्हणणाऱ्या मित्राला हे आधीच वाचायला द्या.

रविवारी दुकानं बंद, उघडी असतात ती मोठ्या स्टेशनांवरची. खेड्यांत दुपारी दोननंतर गरम जेवण मिळणं अवघड. दशम्या, चटणी, चिवडा सोबत ठेवा. गावातल्या कारंज्याचं पाणी पिण्याजोगं असतं, तशी मनाई लिहिलेली नसेल तर बाटल्या तिथेच भरा.

आमच्या दरात हॉटेल, तिकिटं आणि दोन्ही दिवसांचा लेखी आराखडा येतो. जेवण येत नाही, सोबत गाइडही नसतो. पण अडचण आली तर फोनवर आम्ही आहोत. बुकिंगसाठी प्रत्येकाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच आणि जन्मतारखेसह पाठवा, आणि गटातल्या एकानेच आमच्याशी बोलावं. आठ जणांचे आठ निरोप आले की आराखडाही आठ प्रकारचा होतो.