मोशन कॅप्चर म्हणजे सगळं कॉम्प्युटरच करतो का?

बऱ्याच वर्षांपासून एक मेसेज फिरतो की मोशन कॅप्चरमध्ये, म्हणजे नटाची हालचाल नोंदवून ती अ‍ॅनिमेशनच्या पात्राला द्यायच्या तंत्रात, नटाने ठिपक्यांचा सूट घालून अभिनय केला की कॉम्प्युटर आपोआप प्राणी किंवा राक्षस बनवतो, अ‍ॅनिमेटर लागतच नाही. मेकिंगचे व्हिडिओ बघून असं वाटणं अगदी साहजिक आहे, पण ते खरं नाहीये.

सूटवरच्या ठिपक्यांवरून कॅमेरे फक्त एवढंच नोंदवतात की कुठला सांधा कुठे होता. आता नट साडेपाच फुटी आणि पात्र दहा फुटी असेल तर तीच हालचाल जशीच्या तशी बसवली की पाय घसरतात, नाहीतर जमिनीत घुसतात, हात पोटातून आरपार जातो, आणि हे सगळं अ‍ॅनिमेटर बसून दुरुस्त करतो. शेपूट, कान तर नटाला नसतातच, मग ते हलवायचे कोणी? बोटं, डोळे यांवरही बरंच काम हातानेच होतं.

आणि हे नवीन नाहीये. शूट केलेल्या माणसावरून एकेक फ्रेम गिरवायच्या रोटोस्कोपचं अमेरिकन पेटंट 1917 चं आहे, म्हणजे खरं शूटिंग आणि अ‍ॅनिमेशन तेव्हापासूनच एकमेकांत मिसळलेत.

तपासायचं असेल तर अशा सिनेमाची शेवटची नामावली पूर्ण बघा, त्यात अ‍ॅनिमेटर्सची यादी असते. किंवा स्वतःचा एक सेकंदाचा चालतानाचा व्हिडिओ घ्या, 24 फ्रेम्स कागदावर गिरवा, आणि मग प्रत्येक चित्रात त्या माणसाला शेपूट जोडून बघा.