सोमवारचा दमा : गिरणी कामगारांच्या एका आजाराची पार्श्वभूमी

मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या कापडगिरणीची पायाभरणी केली. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मात्र नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १८९० च्या जूनमध्ये मिळाली. हा तपशील कामगार चळवळीच्या इतिहासात नेहमी येतो, पण तो वैद्यकाच्याही कामाचा आहे. ‘सोमवारचा दमा’ किंवा बिसिनोसिस, म्हणजे कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा विकार, ओळखला जातो तो सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळून येण्यावरून, आणि जिथे सुट्टीच नाही तिथे असा पहिला दिवस कुठून येणार?

गाठी फोडून कापूस मोकळा करणारी ब्लो रूम आणि तो पिंजणारे कार्डिंग खाते ही गिरणीतील सर्वांत धुळकट ठिकाणे. बोंडाभोवतालच्या पानांचा चुरा आणि त्यावरील जिवाणूंचे विषारी अंश या धुळीतून श्वासावाटे आत जातात. फ्रान्समध्ये आद्रियाँ प्रूस्त यांनी १८७७ मध्ये या विकाराला नाव दिले. इंग्लंडमधील लँकेशरच्या गिरण्यांत रिचर्ड शिलिंग यांनी १९५० च्या दशकात त्याच्या पायऱ्या ठरवल्या : आधी फक्त पहिल्या दिवशी त्रास, मग आठवड्यातील इतर दिवशीही, आणि शेवटी श्वसनक्षमतेची कायमची हानी. मुंबईत केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी पुढे गिरण्यांमध्ये जाऊन कामगारांची तपासणी केली. बदली कामगाराचे, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी त्या दिवसापुरते लागणाऱ्याचे, प्रकरण यात अधिक अवघड असावे, कारण त्याला ज्या दिवशी काम मिळेल तोच त्याचा सोमवार.

काटेकोरपणे पाहता हा दमा नव्हे. खऱ्या व्यावसायिक दम्याची चाल बहुधा उलटी असते : पिठाची, रंगातील आयसोसायनेट या रसायनाची किंवा रबरी हातमोज्यांतील लॅटेक्सची ॲलर्जी जडायला काही महिने, कधी काही वर्षे लागतात, आणि मग त्रास आठवडाभर वाढत जाऊन सुट्टीत ओसरतो. बर्नार्डिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० मध्येच भटारखान्यातील कामगारांना पिठामुळे होणाऱ्या त्रासाची नोंद केली होती, आणि रोग्याला त्याचा धंदा विचारावा, असा आग्रह धरला होता. त्याच्या जोडीला ‘सुट्टीत बरे वाटते का?’ हा प्रश्नही आज तितकाच मोलाचा आहे.

ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बिसिनोसिससाठी भरपाई देऊ केली. व्यावसायिक दम्याला तिथे ती मान्यता १९८२ मध्ये मिळाली. भारतात कामगार भरपाईसाठी कायद्याने मान्य केलेल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत बिसिनोसिसचा समावेश आहे, परंतु तो सिद्ध करायचा तर कामगार कोणत्या खात्यात किती वर्षे होता, याची नोंद हाती असावी लागते. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, तसे ज्या कार्यालयांत जाऊन ही नोंद मागायची, ती कार्यालयेही मिटत गेली. बेकरीत पीठ मळणाऱ्याची अडचण निराळी आहे : कामगाराला आजारपणात उपचार आणि भरपाई देणारी कर्मचारी राज्य विमा योजना साधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होते, आणि गल्लीतल्या बेकरीत चार-पाच जणच राबत असतात.