तारा जमिनीत गेल्या, जोडाचे काय? बेळगाव सीमाभागातील भूमिगत विजेची पार्श्वभूमी

गोकाकच्या धबधब्यावर १८८७ साली वीज तयार झाली असे सांगतात, ती गिरणीसाठी. गावांत ती कित्येक दशकांनी आली आणि आली ती खांबांवरूनच. १९५६ मध्ये सीमाभाग म्हैसूर राज्यात गेला, वीज मंडळ बदलले. २००२ पासून वितरण हुबळीच्या कंपनीकडे आहे.

भूमिगत केबलला बेळगावात जोर आला तो जानेवारी २०१६ नंतर, स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत नाव लागल्यावर. गरज जुनीच होती. शिवजयंतीचे चित्ररथ किंवा उंच गणपती गल्लीतून नेताना बांबूने तारा उचलत पुढे चालणारा कार्यकर्ता इथे सगळ्यांनी पाहिला आहे.

केबल किती खोल पुरायची हे १९८३ च्या भारतीय मानकातच ठरले आहे: लघुदाबाची, म्हणजे घरांपर्यंत येणारी, किमान ७५ सेंटिमीटर, ११ हजार व्होल्टची ९०. खाली-वर वाळू, त्यावर विटा किंवा फरशी. त्यावर फारसे दुमत नाही. भांडण आहे ते जोडाचे, म्हणजे केबलचे दोन तुकडे जिथे जोडतात त्या जागेचे. अखंड केबल सहसा दगा देत नाही. ओल शिरते ती जोडातून.

मग जोड ठेवायचा कुठे? कट्टा बांधून त्यावर जोडाची पेटी बसवावी, तर अरुंद गल्लीत जागा नाही आणि आपल्या दारात पेटी कोणत्याच दुकानदाराला नको. जोड थेट मातीत पुरावा, तर बिघाड शोधायला अख्खी गल्ली उकरा. यातून निघालेली तडजोड म्हणजे रस्त्याखालचे झाकणाचे चेंबर, आणि तीच सर्वांत वाईट. त्याच्या तळाचे निचऱ्याचे भोक गटाराच्या पातळीखाली असले, की पहिल्याच मोठ्या पावसात गटाराचे पाणी उलटे आत येते आणि जोड त्यात बुडतो. वर लोखंडी झाकण असेल तर त्यातही करंट उतरू शकतो. जागेची अडचण खरी. पण पेटी वरच हवी, भले दुकानाची पायरी थोडी कापावी लागो.

अथणी, रायबाग, चिकोडीकडच्या काळ्या मातीचा त्रास वेगळाच. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि केबल ताणली जाते. म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना केबलचा सैल वेढा सोडतात. केबल वाचवणारा कंत्राटदार नेमका तोच गाळतो.

शेतात तर मीटरपुढची केबल ज्याची त्याची. मोटारीच्या केबलचा तुकडा पिळून जोडायचा, टेप गुंडाळायची, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधून वीतभर खोल पुरायचे. तेवढ्यापर्यंत रोटाव्हेटरही पोचतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठची शेते पाण्याखाली गेली, तेव्हा असे जोडही बुडाले.

पेटी वर घेतली तरी तिच्या लोखंडी अंगाला अर्थिंग लागतेच. खानापूरकडच्या जांभ्यात अर्थिंगचा कोळसा-मिठाचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरते उरते. त्यात पाणी कोणी ओतायचे, यावर वीज खाते आणि नगरपंचायत एकमेकांकडे बोट दाखवतात.